खांदेरीचा शिधा



आपल्या परभणीला समुद्र नाही. गोदावरी, पूर्णा, दुधना एवढंच आपलं पाणी. त्यामुळे मी समुद्रावरच्या लढाईबद्दल लिहायला बसलेय म्हटल्यावर सासूबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "लढाया कधीपासून आवडायला लागल्या गं तुला?" आवडत नाहीतच. पण ही लढाई मुळात धान्याच्या पोत्यांची होती, आणि पोती म्हटलं की तो आपला विषय.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अलिबागला गेलो होतो. थळच्या किनाऱ्यावरून समोर दोन बेटं दिसतात, खांदेरी आणि उंदेरी. लेकीनं विचारलं, "आई, तिथले लोक जेवायचे काय?" मला उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर वाचत बसले.

खांदेरी मुंबईपासून अगदी जवळ, दक्षिणेला. त्या काळी मुंबईला इंग्रज होते आणि जंजिऱ्याला सिद्दी. दोघांच्या मधे हे बेट. महाराजांनी 1672 मध्ये इथे किल्ला बांधायचा प्रयत्न केला होता, तो राहून गेला. मग 1679 च्या ऑगस्ट महिन्यात त्यांनी मायनाक भंडारींना सुमारे दीडशे माणसं देऊन बेटावर पाठवलं आणि तटबंदी सुरू झाली. वेळ बघा कशी निवडली. चातुर्मास, समुद्र खवळलेला, मोठी जहाजं बंदराला बांधलेली.

इंग्रज म्हणाले, बेट आमचं, चालते व्हा. मायनाक भंडारी काही हलले नाहीत. बेटावर उतरू पाहणारा थॉर्प नावाचा एक इंग्रज अधिकारी सप्टेंबरमध्ये मारला गेला. तेव्हा इंग्रजांनी जवळ येऊन लढण्यापेक्षा दुसरा मार्ग धरला. बेटाभोवती जहाजांचा पहारा ठेवायचा आणि किनाऱ्यावरून येणारी रसद तोडायची. उपाशी माणूस किती दिवस दगड रचणार?

इथे मी वाचन थांबवून वहीत हिशेब मांडला. माणशी दिवसाला अर्धा किलो धान्य धरा. अंगमेहनतीच्या माणसाला ते कमीच पडेल, पण धरा. दीडशे माणसांना रोजचं 75 किलो. महिन्याचं साडेबावीस क्विंटल. हा खेळ जवळजवळ पाच महिने चालला, म्हणजे 110 क्विंटलच्या वरच. त्यात मीठ-मिरची नाही, चुना नाही, दारूगोळा नाही. आपल्याकडे पाच-सहा माणसांच्या घराची वर्षाची ज्वारी भरायची तर आठ दिवस घर डोक्यावर येतं. उन्हं द्या, पाखडा, लिंबाचा पाला घाला, कोठ्या भरा. आणि तेही जमिनीवर उभं राहून!

शिवाय महिने कोणते? भाद्रपद-आश्विन. कोकणात भाताची कापणी दसरा-दिवाळीच्या सुमाराला होते. म्हणजे जुनं धान्य तळाला गेलेलं आणि नवं अजून शेतात. त्या दिवसांत किनाऱ्यावरच्या घराघरांतून काय आणि कसं निघालं असेल, हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

हे धान्य जायचं कसं, तर रात्री, लहान होड्यांतून. इंग्रजांची जहाजं मोठी, शिडांवर चालणारी. वारा पडला की जागच्या जागी. होड्यांना वल्ही होती आणि पाणी थोडं लागायचं, खडकांच्या कडेनं निघून जायच्या. आपण दिवस मावळायच्या आत जेवण उरकणाऱ्या बायका. मला सारखं वाटत राहिलं की त्या बेटावर जेवण यायचं तेच मुळी अंधार पडल्यावर.

ज्याला पुस्तकं लढाई म्हणतात ती झाली 18 ऑक्टोबर 1679 ला. दौलतखानाचा ताफा, पन्नासच्या वर गुराबा आणि गलबतं, किनाऱ्याकडून निघून इंग्रजांवर चालून आला. इंग्रजांची 'डव्ह' नावाची गुराब मराठ्यांच्या हाती लागली, बाकीच्या लहान नावा पळाल्या. केग्विनचं 'रिव्हेंज' हे मोठं जहाज मात्र ठाम राहिलं आणि त्याच्या तोफांपुढे दौलतखानाला माघार घ्यावी लागली. इंग्रजांनी हा आपला विजय मानला. तोफांच्या बाबतीत तो असेलही. पण त्यानंतरही खांदेरीवर धान्य पोहोचतच राहिलं, मग जिंकलं कोण?

नोव्हेंबरात सिद्दी आपलं आरमार घेऊन इंग्रजांच्या मदतीला आला. पण बेट जिंकलं तर ते माझं, असं त्याचं म्हणणं. इंग्रजांना ते परवडणारं नव्हतं. शिवाय मुंबईलाही धान्य आणि सरपण समोरच्याच किनाऱ्यावरून येत होतं. दुसऱ्याची रसद तोडायला निघालेल्यांची चूल त्याच किनाऱ्यावर पेटायची! खर्च वाढत होता, बेट पडत नव्हतं. शेवटी जानेवारी 1680 मध्ये इंग्रजांनी मराठ्यांशी तह करून जहाजं मागे घेतली. सिद्दीनं शेजारची उंदेरी बळकावली आणि पुढे तिथून खांदेरीवर तोफा डागत राहिला. त्याच वर्षी 3 एप्रिलला महाराज गेले.

2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात खांदेरी आहे. लेकीला तो फोटो दाखवला, पोत्यांचा हिशेबही दाखवला. तिनं गुणाकार तपासून बघितला, बरोबर निघाला.

सासूबाई तेवढ्या वेळ तूर निवडत ऐकत होत्या. म्हणाल्या, "आणि ते वल्ही मारणारे? रात्रभर तिकडं जायचं, उजाडायच्या आत परत यायचं. त्यांना वाढायला कोण बसायचं गं?"