भन्ते महाघोसानंद आणि कंबोडियाची धम्मयात्रा

विहारात वंदना झाली की आपण मैत्रीभावना करतो. पण ज्यांनी आपलं घरदार बुडवलं, त्यांच्याबद्दलही मैत्री बाळगायची का? कंबोडियाच्या भन्ते महाघोसानंद यांना या प्रश्नाचे उत्तर आयुष्यभर द्यावे लागले. त्यांचे कार्य आपल्या घराघरांत कळावे, म्हणून हा लेख.

भन्तेंचा जन्म ताकेओ प्रांतातील शेतकरी कुटुंबातला. १९५० च्या दशकात ते शिक्षणासाठी बिहारमधील नालंदा येथे आले. त्याच दशकात, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी नागपुरात आपल्याला धम्म दिला. पुढे १९६५ पासून भन्ते थायलंडच्या अरण्यविहारात ध्यानसाधना करीत होते.

१७ एप्रिल १९७५ रोजी कंबोडियात पोल पॉटच्या ख्मेर रूज पक्षाची सत्ता आली. जानेवारी १९७९ पर्यंत १५ लाखांहून अधिक माणसे उपासमार, आजार, वेठबिगारी आणि कत्तलीत मेली. भिक्खूंची चीवरे उतरवली, विहारांची कोठारे झाली. भन्तेंच्या घरचे कोणी उरले नाही.

सीमेवर निर्वासितांचे लोंढे येऊ लागले, तेव्हा भन्ते अरण्य सोडून छावण्यांत गेले. तिथे झोपड्यांचे विहार उभारले, मेत्तसुत्ताच्या प्रती वाटल्या, आणि धम्मपदातील वैराविषयीची पाचवी गाथा म्हणू लागले. कित्येक वर्षांनी धम्माचे शब्द कानी पडले आणि लोक ढसाढसा रडले.

ऑक्टोबर १९९१ मध्ये पॅरिसला शांतता करार झाला. पण कागदावरच्या सह्यांनी गावागावातली भीती जात नाही. म्हणून १९९२ साली भन्तेंनी थायलंडच्या सीमेपासून राजधानी नॉम पेन्हपर्यंत पायी धम्मयात्रा काढली. भूसुरुंग पेरलेल्या मुलखातून भिक्खू आणि उपासक-उपासिका चालत गेले. वाटेत कित्येकांना हरवलेले नातलग भेटले. १९९३ च्या निवडणुकीआधी पुन्हा यात्रा निघाली. १९९४ साली यात्रा गोळीबारात सापडली. एक भिक्खू आणि एक साध्वी प्राणास मुकल्या. तरीही यात्रा थांबली नाही.

१९९८ साली त्यांना जपानचा निवानो शांतता पुरस्कार मिळाला. १२ मार्च २००७ रोजी अमेरिकेत त्यांचे निधन झाले.

मैत्री म्हणजे गुन्हा विसरणे नव्हे. पुढे न्यायालय बसले, आणि २०१८ साली ख्मेर रूजच्या दोन वरिष्ठ नेत्यांना वंशसंहाराबद्दल दोषी ठरवले. न्याय मागायचा, पण मनात वैर साठवायचे नाही, या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. आपल्याला हे नवीन नाही. २० मार्च १९२७ रोजी आपली माणसं महाडच्या चवदार तळ्यावर चालतच गेली होती. नंतर त्यांच्यावर हल्ला झाला, तेव्हा बाबासाहेबांनी त्यांना उलट हात उचलू दिला नाही. मात्र पाण्याच्या हक्काची लढाई ते कोर्टात दहा वर्षं लढले आणि जिंकले.

आपल्या मुलाबाळांना विहारात वंदना शिकवतो, तसे हेही सांगू या. भवतु सब्ब मंगलं!