मोड येणारं सोनं, मोड न येणारं सोनं

खानदेशात दागिना घेताना घडणीइतकीच 'मोड किती येईल?' याचीही चौकशी होते. कापूस विकून आलेला पैसा सोन्यात घालायचा आणि पेरणीच्या तोंडावर गरज पडली तर तेच सोनं मोडायचं किंवा गहाण ठेवायचं, ही इथली जुनी रीत. राजमल लखीचंद ही पेढी १८५४ची. पुढं अमेरिकेतल्या यादवी युद्धात (१८६१–६५) कापसाचे भाव चढले. जळगावला 'सुवर्णनगरी' म्हणतात, त्यामागे कापसाचा मोठा वाटा आहे असं मला वाटतं.

मग याच जळगावच्या सराफ बाजारापासून आणि धुळ्याच्या आग्रा रोडपासून हाकेच्या अंतरावर मुलाम्याचे दागिने इतके का खपतात? याचं उत्तर फक्त महागाईत नाही.

मुळात वरून सोनं आणि आत दुसरंच काही, ही कल्पना नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सोनारांच्या लबाड्यांची यादी आहे. तिच्यात हलक्या धातूवर सोन्याचा पत्रा चढवण्याला 'पेटक' म्हटलंय. आपली बोरमाळ तरी काय? पातळ पत्र्याचे पोकळ मणी आणि आत लाख. पण तिचा पत्रा अस्सल सोन्याचा असतो. मोडताना लाख वजा केली की उरलेल्याचे पैसे येतात. वाद झालाच तर लाख किती धरायची, एवढ्यावरच.

मुलाम्यात हा हिशेबच संपतो. जुनी पद्धत पाऱ्याची. सोनं पाऱ्यात कालवून लेप द्यायचा आणि तापवायचं. पारा उडून जातो, सोनं चिकटून राहतं. ती विषारी वाफ कारागिराच्या छातीत जाते. १८४०मध्ये इंग्लंडमध्ये एल्किंग्टन यांनी विजेच्या साहाय्यानं मुलामा देण्याचं पेटंट घेतलं. त्यात सायनाइडच्या द्रावणातून सोन्याचा थर तांब्या-पितळेवर बसतो, हवा तितका पातळ. गिलिट, बेंटेक्स, एक ग्रॅम ही बाजारातली नावं. बेंटेक्स हा मुळात एक छाप, पण गावोगावच्या बायकांनी त्याचं सामान्यनाम केलं.

'एक ग्रॅम' या नावाचा मात्र हिशेब करून पाहावा. एक मायक्रॉन जाडीचा थर दिला, तर एक ग्रॅम सोनं सुमारे ५०० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग झाकतं. वहीच्या मोठ्या पानाएवढा! पाटलीला इतकं सोनं लागणारच नाही, आणि थर बहुधा याहूनही पातळ असतो. तेव्हा नाव वजनाचं असलं, तरी त्यावरून दागिन्यात सोनं किती ते कळत नाही.

जानेवारी १९६३मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना चौदा कॅरेटहून शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवण्यावर बंदी आली. हजारो सोनारांचा रोजगार गेला, पण लोकांनी चौदा कॅरेट काही आपलंसं केलं नाही. १९६६मध्ये ती अट सुटली आणि १९९०मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदाच रद्द झाला. चौदा कॅरेट नाकारणाऱ्या समाजानं एक ग्रॅम मात्र हसत स्वीकारलं. चौदा कॅरेटला पैसे सोन्याचे मोजायचे आणि मोड मात्र कमी. मुलाम्याकडून कुणी मोडीची अपेक्षाच करत नाही. तो लग्नात मिरवायला, एसटीत गळा मोकळा दिसू नये म्हणून. खरी मंगलपोत कपाटात, नाहीतर बँकेत तारण.

धोका आहे तो इथंच. दागिना हे बाईचं स्त्रीधन. लग्नात अंगावर घातलेल्यातलं खरं किती आणि मुलाम्याचं किती, हे तिला माहीत नसेल, तर अडचणीच्या दिवशी सराफाच्या काट्यावरच ते उघड होतं. जून २०२१पासून २५६ जिल्ह्यांत सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा झाला, पण मुलाम्याला तो लागू नाही. म्हणून मुलाम्याच्या पावतीवरही आतला धातू, मुलाम्याची पद्धत आणि थराची जाडी लिहिलेली असावी. आणि ती पावती, सोन्याच्या पावतीसारखीच, जिच्या गळ्यात दागिना आहे तिच्याजवळ असावी.