लटकलेले शब्द

अमेरिकेत एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला एच-४ व्हिसा मिळतो. आपल्याकडे घराघरांत त्याचं नाव 'डिपेंडंट व्हिसा'. आमच्या नात्यातली एक मुलगी एम.टेक. होऊन, पुण्यात चार वर्षं चांगली नोकरी करून, लग्नानंतर त्या व्हिसावर गेली. फोनवर म्हणाली, "काका, मला आधी काम करायला बंदी केली आणि मग म्हणतात तू डिपेंडंट!" (मे २०१५ पासून एच-४ वाल्यांपैकी काहींना कामाची परवानगी मिळू शकते, ज्यांच्या जोडीदाराचं ग्रीन कार्डाचं काम ठरावीक टप्प्याला पोचलंय त्यांनाच. ती गेली त्याच्या बरीच आधी.)

तिचं वाक्य डोक्यात राहिलं, कारण या शब्दाचा सगळा इतिहासच थोडाफार असा आहे. आधी कुणीतरी दुसऱ्याला बांधून ठेवतं, आणि मग तो बांधलेला आहे हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा होतो.

मूळ लॅटिन. 'पेंडेरे' म्हणजे लटकणे, आणि 'डे' म्हणजे खाली. डिपेंडंट म्हणजे कशाला तरी खाली लोंबकळणारा. गळ्यातलं पेंडंट, घड्याळाचा पेंड्युलम आणि आपल्या सरकारी कचेऱ्यांचं लाडकं 'पेंडिंग' ही सगळी याच कुळातली भावंडं. गंमत अशी की आपला 'अवलंबून' हा शब्दही तसाच घडलाय. संस्कृतातला 'लंब्' हा धातू लोंबण्याचाच, आणि 'अव' म्हणजे खाली. रोमन माणूस आणि आपले पूर्वज, दोघांनाही परावलंबी माणूस बघून फांदीला लटकलेलं काहीतरीच आठवलं!

स्पेलिंगचा एक घोळ आहे. ब्रिटिश इंग्रजीत विशेषणाला शेवटी 'ई-एन-टी' आणि पोसल्या जाणाऱ्या माणसाला 'ए-एन-टी' अशी वाटणी आहे. एक लॅटिन वळण, दुसरं फ्रेंच. अमेरिकन लोकांनी दोन्हीकडे 'ई' लावून विषय संपवला. शाळेत यावर आमचे मार्क गेले आहेत, पण असो.

जुन्या इंग्लंडात डिपेंडंट असणं ही लाजेची गोष्ट नव्हती. नोकर मालकावर, कूळ जमीनदारावर, बायको नवऱ्यावर आणि सरदार राजावर अवलंबून, म्हणजे जवळजवळ सगळेच. उलट 'इंडिपेंडंट' हा शब्द इंग्रजीत उशिरा आला आणि सतराव्या शतकात गाजला तो धर्माच्या भांडणात. प्रत्येक मंडळीने आपला कारभार आपण पाहावा, वर बिशप नको, असं म्हणणाऱ्यांना 'इंडिपेंडंट्स' म्हणत. मग तो राजकारणात शिरला. १६४७ साली लंडनजवळ पटनी इथे क्रॉमवेलच्या सैन्यात मतदानाच्या हक्कावर वाद झाला. त्यात हक्क वाढवा म्हणणाऱ्या लेव्हलर पक्षाचा मॅक्सिमिलियन पेटीसुद्धा नोकर, उमेदवार आणि भिक्षेवर जगणारे यांना वगळायला तयार होता. कारण काय, तर ते दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून.

या शब्दाचं एक अपत्य अजून जिवंत आहे: 'इंडिपेंडंट मीन्स' असलेला गृहस्थ. म्हणजे ज्याला पोटासाठी काम करावं लागत नाही तो. त्याचं पोट कुळांच्या खंडावर भरतं, त्याचा स्वयंपाक दुसरा करतो, त्याचे बूट तिसरा पुसतो, आणि स्वतंत्र मात्र तो! राबणारे सगळे डिपेंडंट. मला वाटतं, इंग्रजीतल्या मोठ्या विनोदांपैकी हा एक आहे आणि तो कुणी विनोद म्हणून सांगत नाही.

नॅन्सी फ्रेझर आणि लिंडा गॉर्डन या दोन अमेरिकन विदुषींनी १९९४ मध्ये या शब्दाच्या वंशावळीवर एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं की कारखाने आले, मजुरी करणं हेच स्वावलंबन ठरलं आणि मग डिपेंडंट हा शब्द उरलेल्यांना चिकटला: कंगाल, गुलाम आणि वसाहतीतले लोक, आणि घर सांभाळणारी बायको. सामाजिक नात्याचं नाव हळूहळू माणसाच्या स्वभावातली खोट बनलं. १९३५ च्या अमेरिकन सामाजिक सुरक्षा कायद्यात 'डिपेंडंट' मुलांसाठी मदत होती, तेव्हा त्या शब्दात दया होती. १९९६ साली ती योजना मोडीत निघाली, तोवर त्याच शब्दात संताप भरला होता.

पण हा शब्द देशांना लावला की काय होतं, ते जास्त भयंकर. १७१९ साली ब्रिटिश पार्लमेंटने आयर्लंडची 'डिपेंडन्सी' पक्की करणारा कायदा केला. १७६६ साली तोच साचा वापरून अमेरिकन वसाहतींची डिपेंडन्सी पक्की करणारा कायदा केला. दहा वर्षांनी वसाहतींनी उत्तर दिलं, तेही त्याच शब्दाला नकार जोडून. आज आपण 'इंडिपेंडन्स' म्हणताना झेंडा डोळ्यापुढे आणतो, पण १७७६ मध्ये तो एका कायद्यातल्या शब्दाला दिलेला जबाब होता.

आता आपल्या घरी येऊ. साताऱ्याला.

पेशवाई बुडाल्यावर कंपनीने १८१९ साली छत्रपती प्रतापसिंहांशी तह करून साताऱ्याचं राज्य उभं केलं. तहात दोन प्रकारचे शब्द शेजारी शेजारी बसले होते. एकीकडे राज्य महाराजांना आणि त्यांच्या 'वारस व उत्तराधिकाऱ्यांना', तर दुसरीकडे त्यांनी इंग्रज सरकारच्या हाताखाली राहून सहकार्याने ते चालवायचं. पहिल्यात राजा, दुसऱ्यात ताबेदार. कुठला शब्द खरा, हे ठरवायची वेळ यायची होती.

१८३९ मध्ये प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला पाठवलं आणि धाकटे भाऊ शहाजी उर्फ आप्पासाहेब गादीवर आले. प्रतापसिंह १८४७ मध्ये काशीलाच वारले. ५ एप्रिल १८४८ रोजी आप्पासाहेबही गेले. त्यांना मूल नव्हतं. जाण्यापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. आपल्या धर्मशास्त्राने तो मुलगाच. श्राद्धाला बसणार, घर चालवणार. पण गादीवरही बसणार का?

मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी तहातल्या 'वारस व उत्तराधिकारी' वर बोट ठेवून दत्तकाच्या बाजूने मत दिलं. त्यांचेच कौन्सिलर विलोबी यांनी उलट टिपण लिहिलं. क्लार्क लवकरच गेले, त्यांच्या जागी आलेले फॉकलंड खालसा करण्याच्या बाजूचे, आणि कलकत्त्यात डलहौसी. जानेवारी १८४९ मध्ये लंडनहून डायरेक्टरांचा निकाल आला. त्याचा गाभा एवढाच, की साताऱ्यासारखं 'डिपेंडंट' संस्थान सार्वभौम सत्तेच्या संमतीशिवाय दत्तकाकडे जाऊ शकत नाही. हा हिंदुस्थानचा सर्वसाधारण कायदा आणि रिवाज आहे, असंही त्यांनी वर म्हटलं. हिंदुस्थानचा रिवाज लीडनहॉल स्ट्रीटवर बसून ठरला!

या निकालातला कळीचा शब्द कोणता होता, ते काही वर्षांनी कळलं. राजपुतान्यातल्या करौलीचा राजा १८५२ मध्ये वारला, मागे दत्तक. डलहौसींना करौली हवं होतं. डायरेक्टरांनी नाही म्हटलं. सातारा आम्हीच निर्माण केलेलं, आमची देणगी. करौली मात्र जुनं रजपूत राज्य, ते फक्त 'प्रोटेक्टेड अलाय', म्हणजे संरक्षण दिलेला मित्र. दोन्हीकडे मूल नाही, दोन्हीकडे दत्तक, आणि फरक शब्दाचा. पुढे १८५४ मध्ये झाशी गेली, तीही डिपेंडंट या खात्यात टाकूनच.

आणि सातारा डिपेंडंट का होता? कारण १८१८ मध्ये सगळं जिंकून त्यातला तुकडा परत देणारे तेच होते. पण ज्यांनी गादी नव्याने मांडली असं ते म्हणत होते, ती गादी शिवाजी महाराजांच्या वंशाची होती आणि कंपनीचा एक गोराही साताऱ्याला आला नव्हता तेव्हापासूनची होती. वयाचाच हिशोब करायचा तर करौलीशी तुलना वेगळी करता आली असती. ती कुणी केली नाही.

रंगो बापूजी गुप्ते हे सगळं लंडनमध्ये बसून लढत होते. प्रतापसिंहांचे वकील म्हणून गेलेला हा माणूस तेरा-चौदा वर्षं तिथे अर्ज, सभा, पत्रकं यांत घालवून १८५३ मध्ये हात हलवत परतला. १८५७ साली साताऱ्यात ज्यांना देहदंड झाला त्यांत त्यांचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी स्वतः निसटले आणि पुन्हा कुणाला सापडले नाहीत.

बंड मोडल्यावर सरकारला दत्तकाचं महत्त्व पटलं. कॅनिंगने १८६२ मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा वाटल्या, राजनिष्ठ राहण्याच्या अटीवर. साताऱ्याला आता काही उपयोग नव्हता.

१९४७ च्या कायद्यानेही शब्दांची मौज केलीच. पंधरा ऑगस्टला दोन 'इंडिपेंडंट डोमिनियन' निर्माण होतील, असं त्यात आहे. डोमिनियनच्या मुळाशी 'डोमिनस', म्हणजे धनी. धन्याचा मुलूख, पण न लटकलेला! आपला 'स्वराज्य' किंवा 'स्वतंत्र' मात्र कुठल्याही नकारातून आलेला नाही. त्यात आधी कुठेतरी लटकलो होतो याची आठवण नाही.

डिसेंबर १९४६ मध्ये घटना समितीत नेहरूंनी मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात भारत 'इंडिपेंडंट' आणि 'सॉव्हरिन' प्रजासत्ताक होईल, असे दोन्ही शब्द होते. फेब्रुवारी १९४८ च्या मसुद्यात पहिला गळाला. मसुदा समितीने कारण दिलं की सार्वभौम म्हटलं की त्यात स्वतंत्र येतंच, तो शब्द घालून वेगळं काही साधत नाही. समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांनी वयाच्या दहाव्या वर्षी, ७ नोव्हेंबर १९०० रोजी, साताऱ्याच्या ज्या शाळेत नाव घातलं, ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल या नावाने चालते.