आरपार छिद्राची गोष्ट

हार्टफर्डच्या इन्शुरन्स कंपन्यांत काम करणाऱ्या आपल्या आयटीवाल्यांना आय-९१ वरून दिसणारा निळा घुमट ओळखीचा असेल. नवीन आलेल्यांना ते एखादं प्रार्थनास्थळ वाटतं. प्रत्यक्षात ती होती सॅम्युएल कोल्टची रिव्हॉल्वरची फॅक्टरी. तिथून साधारण पंचवीस मैल उत्तरेला स्प्रिंगफील्ड. कोल्टचे प्रतिस्पर्धी स्मिथ अँड वेसन यांनी तिथे आपलं बस्तान बसवलं. एका पेटंटमुळे या दोन गावांत जी चढाओढ झाली, तिच्यातून एक चमत्कारिक हत्यार जन्माला आलं: जुन्या ठासणीच्या रिव्हॉल्वरवर नव्या काडतुसाचं कलम! इंग्रजीत त्याला कन्व्हर्जन म्हणतात. मला ना शिकारीचा नाद, ना बंदुकांचा. पण जुन्या सिस्टीमला नवीन सिस्टीम जोडून देणं हाच माझा धंदा असल्यामुळे या विषयाने मला पकडलं ते पकडलंच.

आधी थोडं तंत्र. कोकणातल्या मंडळींना ठासणीची बंदूक माहीत असेल. कोल्टचं रिव्हॉल्वर म्हणजे तोच प्रकार, फक्त फिरत्या सिलिंडरमध्ये पाच-सहा कप्पे. प्रत्येक कप्प्यात पुढून दारू घालायची, वर शिशाची गोळी ठासायची आणि मागच्या बोंडीवर तांब्याची छोटी टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की बार. कप्पा मागून बंद असे. सहा बार संपले की पुन्हा सगळी पूजा पहिल्यापासून. चालू लढाईत, घोड्यावर बसून हे करून पाहा!

यावर उपाय होता धातूचं काडतूस. दारू, गोळी आणि ठिणगी एकाच डबीत. (आपल्याकडे १८५७ साली ज्यावरून भडका उडाला ते काडतूस कागदाचं होतं, हे नव्हे.) पण ते मागून भरायचं तर सिलिंडरचा कप्पा आरपार हवा. बस, एवढंच! आणि या 'एवढंच'चं अमेरिकन पेटंट ३ एप्रिल १८५५ रोजी रोलिन व्हाइट नावाच्या कारागिराला मिळालं. गंमत म्हणजे हा व्हाइट पूर्वी कोल्टच्याच कारखान्यात कंत्राटावर काम करत असे.

स्मिथ आणि वेसन यांनी संधी ओळखली. १८५६ च्या नोव्हेंबरमध्ये व्हाइटशी करार केला: प्रत्येक रिव्हॉल्वरमागे २५ सेंट रॉयल्टी. पण करारात एक कलम होतं. कुणी पेटंटचं उल्लंघन केलं तर कोर्टात लढायचं व्हाइटने, स्वतःच्या खर्चाने! आपण कन्सल्टंट लोक करारावर सही करताना पैशाचा आकडा बघतो आणि बाकीची पानं उलटतो. त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

१८५७ साली स्मिथ अँड वेसनचं पहिलं मॉडेल आलं. सात बारांचं, पण पॉइंट २२ चं, अगदी चिमुकलं. पुढे यादवी युद्ध पेटलं, तेव्हा कोल्ट आणि रेमिंग्टन सैन्याला हजारोंनी रिव्हॉल्वर पुरवत होते, पण सगळी ठासणीची. मोठ्या काडतुसाचं रिव्हॉल्वर त्यांना पेटंटमुळे बनवता येईना. युरोपात मात्र फ्रान्सच्या लफोशोची काडतुसाची रिव्हॉल्वर १८५४ पासूनच होती. म्हणजे ज्ञान होतं, गरज होती, आड आला तो कागद.

मग पळवाटा सुरू झाल्या. रेमिंग्टनने १८६८ मध्ये सरळ स्मिथ अँड वेसनशी तडजोड केली आणि पैसे मोजून आपली जुनी रिव्हॉल्वर पॉइंट ४६ च्या काडतुसासाठी बदलून घेतली. सहा कप्प्यांच्या जागी पाच बसले. कोल्टच्या थुअर नावाच्या माणसाने त्याच वर्षी वेगळीच शक्कल काढली: निमुळतं काडतूस, जे पुढूनच भरायचं, म्हणजे पेटंट मोडायला नको! हुशारी कबूल, पण ग्राहकांना ती फारशी रुचली नाही.

३ एप्रिल १८६९ ला पेटंटची १४ वर्षं संपली. व्हाइटने मुदतवाढ मागितली. काँग्रेसने त्याच्यासाठी विधेयकही मंजूर केलं, पण जानेवारी १८७० मध्ये अध्यक्ष ग्रँट यांनी ते नाकारलं. या पेटंटमुळे युद्धात सरकारची अडचण झाली, हे शस्त्रखात्याच्या प्रमुखाचं म्हणणं त्यांनी मान्य केलं. स्वतः सेनापती राहिलेला माणूस, त्याला ते पटायला वेळ लागला नसणार. व्हाइटला रॉयल्टीचे सुमारे ७१ हजार डॉलर मिळाले होते. त्यातले बरेचसे कोर्टकचेऱ्यांनी गिळले.

आता रस्ता मोकळा होता, पण कोल्टकडे जुने सुटे भाग ढिगाने पडून होते. ते टाकायचे कसे? १८७१ मध्ये त्यांच्या रिचर्ड्सने तोडगा काढला. सिलिंडरचा मागचा भाग काढायचा, त्या जागी एक कडं बसवायचं, त्याला काडतूस भरायला छोटं दार, आणि ठासणीच्या दांड्याऐवजी रिकामी काडतुसं ढकलून काढायची सळई. मेसनने त्यात पुढे सुधारणा केल्या. आमच्या भाषेत सांगायचं तर नवीन रिलीज तयार होईपर्यंत जुन्यावर मारलेला पॅच. नवीन रिलीज १८७३ मध्ये आलं: वेस्टर्न सिनेमांतलं ते प्रसिद्ध कोल्ट.

पण पॅच मेला नाही. यादवी युद्धाची शताब्दी जवळ आली तशी इटलीतल्या ब्रेशा भागात उबर्टीसारखे कारखाने जुन्या रिव्हॉल्वरच्या प्रतिकृती बनवू लागले. त्यांत बसतील अशी काडतुसाची सिलिंडरही नंतर बाजारात आली. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' या १९६६ च्या सिनेमात ईस्टवूडच्या हातात असंच बदललेलं कोल्ट आहे. कथा १८६२ ची, म्हणजे ते रिव्हॉल्वर तेव्हा नव्हतंच. आणि असतं, तर व्हाइटने त्याच्यावर खटला भरला असता!

आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यानुसार ठासणीच्या रिव्हॉल्वरची प्रतिकृती पुराणवस्तूत मोडते. तीच नेहमीच्या धातूच्या काडतुसासाठी बनवली किंवा बदलली, की ती ही सवलत गमावते. राज्याराज्यांचे नियम आणखी वेगळे. म्हणजे बंद कप्पा आणि आरपार कप्पा यांच्यामधली जी रेघ पेटंटने १८५५ मध्ये आखली, तीच शतकाहून अधिक काळाने कायद्यालाही उपयोगी पडली. व्हाइटच्या वाट्याला मात्र दर नगामागे पंचवीस सेंट आणि वकिलांची बिलं आली.