कॉइलचं एक टोक मोकळं

कुठलाही अ‍ॅम्प्लिफायर संदेश मोठा करतो तेव्हा पदरची थोडी खरखर त्यात घालतोच. रेडिओ ऐकताना ती आपण सोडून देतो. अ‍ॅक्सिऑन शोधणाऱ्यांना ती चैन परवडणारी नव्हती. कृष्णपदार्थाचा हा संभाव्य कण प्रबळ चुंबकीय क्षेत्रातल्या धातूच्या पोकळीत सूक्ष्मलहरींच्या रूपात पकडता येईल, असं पिएर सिकिवी यांनी 1983 मध्ये सुचवलं. पण फ्रिक्वेन्सी कुणालाच ठाऊक नाही. म्हणजे काटा किंचित सरकवायचा, थांबायचं, ऐकायचं, पुन्हा सरकवायचा. त्यात खरखर दहापट असेल, तर थांबणं शंभरपट. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरची खरखर केल्विनच्या घरात होती. एवढ्यावर हा शोध एका पिढीत आटोपणं कठीण.

बर्कलीत जॉन क्लार्क यांच्याकडे स्क्विड होता. दोन जोसेफसन संधी असलेलं हे अतिवाहक कडं, 1964 सालापासून माहीत असलेलं. खरखर अगदी कमी, पण उच्च फ्रिक्वेन्सीला ते हात टेकायचं. कड्यावर पातळ विद्युतरोधक थर आणि त्यावर संदेश आणणारी कॉइल, अशी रचना असे. या दोहोंमध्ये कुणी न मागितलेला कपॅसिटर आपोआप तयार होई आणि संदेश कॉइलमधून पुढे जाण्याऐवजी त्यातूनच गळून जाई.

मिखाएल म्यूक, क्लार्क आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये ही गळती बुजवायचा नाद सोडला. संदेश कॉइलचं एक टोक आणि खालचं कडं यांच्यामध्ये दिला. दुसरं टोक चक्क मोकळं ठेवलं. सर्किट जोडणाऱ्या कुणालाही ही चूकच वाटेल! पण आता कॉइल आणि कडं मिळून मायक्रोस्ट्रिप झाली, ठरावीक फ्रिक्वेन्सीला अनुनाद देणारी. नडणारा कपॅसिटन्स त्या अनुनादाचाच भाग झाला. 2001 मध्ये सुमारे अर्धा गिगाहर्ट्झला खरखर साधारण 50 मिलिकेल्विनवर आली. क्वांटम सिद्धान्तानुसार तिथली मर्यादा सुमारे 25.

प्रयोगात बसवताना वेगळीच पंचाईत. स्क्विड चुंबकीय क्षेत्राला कमालीचा हळवा आणि शेजारी कित्येक टेस्लाचा चुंबक. मग मोठ्याचं क्षेत्र तेवढ्या जागेपुरतं मारायला उलट्या दिशेचा दुसरा चुंबक लावावा लागला. एडीएमएक्सचे स्क्विडसह पहिले निष्कर्ष 2010 मध्ये आले. 2018 मध्ये याच जातीच्या अ‍ॅम्प्लिफायरने, आणखी थंड करून, 645 ते 680 मेगाहर्ट्झचा पट्टा सर्वांत क्षीण अपेक्षित संदेशापर्यंत तपासला.

अ‍ॅक्सिऑन तिथे नव्हता. काटा पुढे सरकला, आणि पुढच्या फेरीत स्क्विडच्या जागी जोसेफसन पॅरामेट्रिक अ‍ॅम्प्लिफायर आला.