पुढचे अक्षर

शाळकरी पोर 'कर्जत' तीन अक्षरांत वाचते: क, र्ज, त. युनिकोडमध्ये याच शब्दाच्या पाच खुणा साठवलेल्या असतात: क, र, हलन्त, ज, त. कर्जत तालुक्यातल्या 'कोंडाणे'ची अक्षरे तीन, खुणा सात. मग प्रोग्रामने 'पुढचे दे' म्हटले, तर पुढचे नेमके काय द्यायचे? इटरेटर जन्मला तो हे कोणी ठरवायचे, या प्रश्नातून.

आधी ते वापरणारा ठरवी. एकापासून मोजत जायचे आणि त्या क्रमांकाचा घटक उचलायचा. त्यासाठी माहिती आत कशी रचली आहे हे ठाऊक असावे लागे. एमआयटीत बार्बरा लिस्कोव यांचा गट 'क्लू' ही भाषा रचत होता. आतली रचना बाहेरच्याला दिसू नये, हा तिचा पाया. पण रचना झाकली तर घटक एकेक करून मिळणार कसे? १९७५च्या उन्हाळ्यात हा गट कार्नेगी मेलन विद्यापीठात गेला. तिथल्या 'अल्फर्ड' भाषेतले, घटक एकेक करून देणारे 'जनरेटर' त्यांना पटले, पण फार अवजड वाटले. परतीच्या विमानात रस अ‍ॅटकिन्सन यांना सोपी वाट सुचली. एक घटक द्यायचा, तिथेच थांबायचे, पुन्हा मागणी आली की थांबलो तिथूनच पुढे निघायचे. हाच इटरेटर. पुढचे काय, हे आता ज्याची माहिती तोच सांगू लागला. माझ्या मते प्रोग्रामिंगमधल्या सर्वांत देखण्या कल्पनांपैकी ही एक आहे.

पुढचा प्रवास भराभर झाला. १९९४च्या 'डिझाइन पॅटर्न्स' या पुस्तकाने तिला नमुन्याचा दर्जा दिला, १९९८मध्ये जावात 'इटरेटर' आला, २००१मध्ये पायथनने 'फॉर' याच रीतीवर बसवला.

मराठीसाठी ही रीत गरजेचीच आहे. कोंडाण्याच्या लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, असे तो सांगतो. त्या लिपीतही मात्रा व्यंजनाच्या अंगालाच जोडलेली. अक्षर हा आपला घटक इतका जुना आहे.

तो मिळवायला स्वतःचा इटरेटर असा लिहायचा. क घ्या, पुढे डोकावा. र हे नवे व्यंजन आहे, तेव्हा क देऊन टाका. र घ्या. पुढे हलन्त आणि त्यापुढे ज, म्हणून तिन्ही एकत्र धरा. त्यानंतर त दिसला की 'र्ज' द्या, शेवटी त. मात्रा, अनुस्वार आले की मागच्याला जोडा. कोंडाण्याजवळच्या राजमाची किल्ल्याखालच्या 'दऱ्या' मात्र परीक्षा घेतात. हा र काही मजकुरांत नुक्त्याच्या ऱ-ने लिहिलेला असतो, काहींत साध्या र-नंतर हलन्त आणि न दिसणारी जोडखूण असते. ती खूणही सांभाळावी लागते.

जावात अक्षरे तोडणारा एक तयार इटरेटर १९९७पासूनच, म्हणजे वरच्या सर्वसाधारण 'इटरेटर'च्याही आधीपासून, आहे. पण युनिकोडच्या सर्वसाधारण नियमाने 'कर्जत'चे चार तुकडे होत. र् आणि ज वेगळे पडत. देवनागरी जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम त्यात आला तो २०२३च्या १५.१ आवृत्तीत. तुमची लायब्ररी त्याआधीची असू शकते. मराठी मजकूर हाताळणारे काही लिहीत असाल, तर कोंडाणे, कर्जत आणि दऱ्या हे तीन शब्द तिला आधी देऊन पाहा.