देवाचं शेत

भातलावणीला आज माझ्या खाचरात, उद्या तुझ्या. कोकणात या देवघेवीला ‘सावड’ म्हणतात. मुरबाड-शहापूरच्या भातपट्ट्यालाही हा हिशेब परका नाही. पण पीक कुणा एकाच्या घरी जायचंच नसेल, तर?

रोह्यात १९२० साली जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवल्यांनी या प्रश्नाला ‘योगेश्वर कृषी’ हे उत्तर दिलं. १९५६मध्ये त्यांनी ठाण्यात तत्त्वज्ञान विद्यापीठ उभारलं. पुढे त्यांच्या स्वाध्याय परिवाराने गावोगावी सामाईक शेतं पिकवायला घेतली. शेताचा मालक देव, राबणारे ‘पुजारी’. प्रत्येकाने वर्षातले मोजके दिवस द्यायचे: कुणी नांगरणीला, कुणी कापणीला. मजुरी नाही.

उत्पन्नाला नाव ‘महालक्ष्मी’. त्यातला वाटा अडलेल्या घरी प्रसाद म्हणून पोचायचा, तोही गाजावाजा न करता. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, ही त्यामागची खबरदारी. कोळीवाड्यांत हीच कल्पना ‘मत्स्यगंधा’ नावाच्या सामाईक होड्यांवर चढली.

आठवल्यांना १९९६मध्ये मॅगसेसे आणि १९९७मध्ये टेम्पल्टन पुरस्कार मिळाला. शेतावरच्या पुजाऱ्यांच्या पाळ्या मात्र पेरणी-कापणीच्या तारखांनीच ठरत राहिल्या.